वाकडी मान आणि माझा पहिला प्रश्न

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं काम मी चाळीस वर्षं केलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून बंद आहे. दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला एक मुलगी आली, तेव्हा मी तिला म्हटलं की माझी शाळा चौथीपर्यंतची आहे. ती म्हणाली, चालेल, लोकांना जुन्या पद्धती वाचायला आवडतात, तेल, धुरी, डिंकाचे लाडू. ते दर वर्षी कुठं ना कुठं छापून येतं. मी मानेबद्दल लिहिते.

निरगुडसरच्या आसपासच्या सात-आठ वाड्यांमधली बरीचशी पोरं माझ्या पायांवर न्हायली. आमचं घर बौद्ध. माझी आई सुईण होती, तिच्या मागून मी हे काम धरलं. सुरुवातीला काही घरांत बाळ माझ्या पायांवर आणि माझा कप गोठ्याच्या कोनाड्यात, असं चालायचं. त्या घरांत मी चहा घेत नव्हते. बाळ न्हाऊ घालून निघून यायची. त्यात बाळाचा काही दोष नव्हता. आता तो कप कुठं दिसत नाही आणि मीही ते उकरत बसत नाही.

काम असं असतं. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करून जोडायचे आणि बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. कोमट तेल पाठीला, मग उताणं करून छातीला, हातापायांना. पाणी हाताच्या पंजानं बघायचं नाही, कामानं पंजा मेलेला असतो. कोपर बुडवायचं. डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, म्हणजे डोकं एका बाजूनं चपटं होत नाही. पूर्वी आम्ही नाक ओढायचो, छाती पिळायचो. ते चुकीचं होतं. नर्सबाईनं झापल्यावर मी सोडलं, पण झापेपर्यंत केलं हे खरं आहे.

या सगळ्यात मान सांभाळणं सर्वांत महत्त्वाचं. तान्ह्या बाळाची मान तीन-चार महिने धरत नाही. डावा हात सारखा मानेखाली असतो, त्यामुळं मान कुठं ओढते ते बोटांना आईच्या आधी कळतं.

वाकडी मान मी पहिल्यांदा नीट पाहिली ती एका पायाळू बाळाची. तीन आठवड्यांचं होतं. डोकं डाव्या खांद्याकडं झुकलेलं आणि हनुवटी उजवीकडं. तेल लावताना मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ लागली. मी हात काढून घेतला आणि त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अवघडून राहिलं किंवा जन्मताना ताण बसला की तिथला स्नायू आखूड होतो. त्यांनी आईला आणि मला हलका व्यायाम शिकवला. मान हळूच दुसऱ्या खांद्याकडं न्यायची, झटका द्यायचा नाही, आणि बाळ ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूनं त्याला हाक मारायची, खुळखुळा दाखवायचा. चार महिन्यांत मान सरळ झाली.

त्या एका बाळानं माझं नाव झालं. मान काढणारी आक्का म्हणून मंचरहून, जुन्नरकडून, भीमाशंकरच्या वाटेवरच्या वस्त्यांवरून लोक मुलं घेऊन यायला लागले. नाव झाल्यावर मी गाठ आहे की नाही ते बघणंही सोडून दिलं. मान वाकडी दिसली की तेल घ्यायचं, एवढंच उरलं.

आणि एक प्रश्न. कोणतंही मूल पुढ्यात आलं की आमच्या कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो. पडलं होतं का कुठं? माझी आई हेच विचारायची, तिच्याकडून मी उचललं. न पडलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळं उत्तर मिळायचंच. मुलाची आई आठवून आठवून एखादं पडणं काढायची. कारण ठरलं की माझं काम सोपं व्हायचं. त्या आईचं पुढं काय व्हायचं ते मी बघत नव्हते.

दोन वर्षांमागं हौसाबाई तिच्या तीन वर्षांच्या नातीला घेऊन आली. हौसाबाईचं घर जुनं शेतकऱ्याचं, कांदा-बटाटा पिकवणारं. नातीचं नाव आरोही. पोरीचं डोकं डाव्या खांद्याकडं झुकलेलं होतं, खिडकीतून कोणी वाकून बघावं तसं. मागं तिची आई प्रियंका दाराशी उभी होती.

“आक्का, हिची मान बघ,” हौसाबाई म्हणाली. “टीवी बघताना वाकडी, जेवताना वाकडी. शेजारची पोरं चिडवत्यात.”

मी मान चाचपली. गाठ नव्हती. कुठं ताठ नव्हती, दोन्ही बाजूंना पूर्ण वळत होती. मी तिथंच थांबून विचार करायला हवा होता. इतकी मऊ मान वाकडी का राहील? पण मी माझा प्रश्न विचारला.

“पडली व्हती का कुठं?”

हौसाबाईनं सुनेकडं पाहिलं. प्रियंका म्हणाली, “मागल्या वर्सी उभ्या गाडीच्या टाकीवरनं सरकली व्हती. पण काय लागलं नव्हतं.”

“तेच म्हणते मी. पोरगी भुईवर अन् आई मोबाईलात.”

“आत्याबाई, मी तवा बाजाराच्या पिशव्या सोडत व्हते.”

“मग झालं,” मी म्हटलं. “शीर सरकलीय. सव्वा महिना तेल लावू.”

प्रियंकाचा निकाल मी तिथंच लावून टाकला. मला तेव्हा ते कळलंही नाही.

सव्वा महिना झाला, दोन महिने झाले. रोज तेल लावलं, मान तशीच. घरात मात्र बराच फरक पडला. प्रियंका मंचरला शिवणकाम शिकायला जायची, ते बंद झालं. गाडीवर पोरीला घेऊन बसायचं नाही असं नवऱ्यानं सांगितलं. आल्या-गेल्या पाहुण्यासमोर हौसाबाई तीच गोष्ट सांगायची, टाकी, मोबाईल, भुई. प्रियंका आधी पिशव्यांचं सांगायची, पुढं तेही सांगेनाशी झाली. मी तेल चोळत ऐकत असायची.

मग हौसाबाईनं ठरवलं की पोरीला बेल्ह्याच्या बाजारी न्यायचं. तिथं जनावरांच्या बाजाराच्या कडेला एक माणूस बसतो. बैलाचा खांदा बसवतो आणि माणसांच्या मानाही मोडून देतो. एक झटका दिला की झालं, असं म्हणतात.

“येवढ्या लहान मानंला झटका द्यायचा नसतो,” मी म्हटलं.

“मग तू कर की बरी. दोन महिनं झालं, तेल संपत आलं.”

झटक्यानं बहुतेक वेळा काही होत नाही. पण एखाद्या वेळी हातपाय जातात, आणि ते एक मूल कोणतं असेल ते आधी कळत नाही. बाजार चार दिवसांवर आला होता.

त्या आठवड्यात वाडीत डोळे येण्याची साथ होती, म्हणून मी तीन दिवस कुठंच गेले नव्हते. बाजाराच्या आदल्या दिवशी हौसाबाईनं निरोप पाठवला, गुण आला, बघायला ये. मी गेले. आरोही ओसरीत दूध-भाकरीचा काला खात बसली होती. उजवा डोळा सुजला म्हणून आजीनं त्यावर ओल्या कापडाची पट्टी बांधली होती. आणि मान सरळ होती, गवंड्याच्या ओळंब्यासारखी.

“तुझं तेल अन् भीमाशंकरचा अंगारा,” हौसाबाई म्हणाली.

“मी तीन दिस हात लावला नाय.”

“मग नुसता अंगारा.”

मी पट्टी सोडली आणि कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळा पुसला. पापण्या सुटल्या. पोरीनं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तिचं डोकं हळूहळू डाव्या खांद्याकडं गेलं. कोणी ढकललं नव्हतं. मी तिच्या उजव्या डोळ्यापुढं तळवा धरला. डोकं वर आलं. तळवा काढला, खाली गेलं. तीनदा केलं. आरोहीला तो खेळ वाटला, ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. दोन महिने मी चोळत होते त्या मानेत काहीच नव्हतं.

प्रियंका दारातून बघत होती. ती म्हणाली, “आक्का, झोपल्यावर हिची मान सरळच असती.”

“मग आधी का नाय सांगितलं?”

“तुमी इचारलं नाय. पडली का, येवढंच इचारलं.”

हौसाबाईला पटलं नव्हतं. “डोळ्याचा अन् मानंचा काय संबंध?”

“मला ठाव नाय. ज्याला ठाव हाय त्याच्याकडं जाऊ.”

“अन् उद्याचा बाजार?”

“बाजाराला जायचं तर आधी त्याच्याकडनं माझी मान मोडून घे. मी नीट उठले तर पोरीला ने.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी मंचरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मानेला लगेच हात लावला नाही. आधी पोरीला चालायला लावलं, मग तिच्याशी चेंडू खेळल्या, मग प्रश्न विचारायला लागल्या. मी दवाखान्यात इतके प्रश्न कधी ऐकले नव्हते.

मान कधीपासून अशी आहे? सारखी असते की येते-जाते? झोपेत कशी असते? मानेत गाठ आहे का? मध्ये ताप, घसा, कानामागं सूज होती का? दूध प्यायल्यावर अंग ताणून, मान वाकडी करून रडायची का? उलटी थांबवायचं एखादं औषध दिलं होतं का? हाक मारल्यावर एकच कान पुढं करते का? प्रत्येक प्रश्नाला कारण होतं आणि त्यांनी ते मला सांगितलं. घशाच्या आजारानंतर कधी कधी मानेचे सांधे सरकतात. काही औषधांनी मान अचानक वळते. एका कानानं कमी ऐकू आलं तर मूल दुसरा कान पुढं करतं. जळजळ होणारं तान्हं बाळ मान ताणतं. काही मुलांची मान थोडे दिवस वाकडी होते आणि आपली आपण सरळ होते. आणि डोळा. आरोहीचा उजवा डोळा वर सरकत होता, कारण तो खाली धरणारा स्नायू अशक्त होता. डोकं सरळ ठेवलं तर तिला एकाचे दोन दिसायचे. डोकं डावीकडं झुकवलं की दोन्ही डोळे एका ओळीत यायचे. एक डोळा झाकला की दोन दिसायचं थांबायचं, म्हणून पट्टी असताना मान सरळ होती. मान आजारी नव्हतीच, ती डोळ्याला मदत करत होती. मी ती मदत चोळून काढायला निघाले होते.

“जुने फोटो आहेत का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

प्रियंकानं मोबाईल काढला आणि मागं मागं जात बोरन्हाणाच्या फोटोवर थांबली. आरोही तेव्हा आठ महिन्यांची. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, भोवती बोरं-कुरमुरे, मागून आजीनं धरलेलं. मुकुट डावीकडं कलला होता, कारण डोकंच डावीकडं होतं.

“गाडीवरून कधी पडली म्हणालात?”

“दोन वर्सांची व्हती तवा,” प्रियंका म्हणाली.

“मग पडण्याचा संबंध नाही. हे आधीपासूनच आहे.”

हौसाबाईनं मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. फोटोत तिचे स्वतःचेच हात होते. तिनं माफी मागितली नाही. परत येताना मात्र जीपमध्ये पुढची जागा तिनं सुनेला दिली, नात तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः मागं बसली. हौसाबाईकडून तेवढंच व्हायचं होतं.

पण दवाखान्यात त्याआधी एक गोष्ट घडली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, “सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का? चालताना झोक जातो का? डोकं दुखतं म्हणते का?” प्रियंका नाही, नाही, नाही म्हणाली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. माझं मन त्या तीन प्रश्नांपाशीच अडकलं. या तिन्ही प्रश्नांना हो म्हणता येईल असं एक मूल माझ्या हाताखालून गेलं होतं.

वीस वर्षं झाली. मुलाचं नाव सागर, वय पाच. त्याची आई विमल वरच्या वाडीतली. दीड-दोन महिन्यांत मान वाकडी झाली म्हणून तिनं त्याला माझ्याकडं आणलं. मी विचारलं, पडला होता का कुठं? ती आधी नाही म्हणाली. मी म्हटलं, आठव. तिनं आठवून सांगितलं, घराच्या ओट्यावरून पडला होता, ती कांदा निवडत होती तेव्हा. मी नऊ दिवस तेल लावलं. सागर सकाळी उठल्याबरोबर ओकायचा, पोटात काही नसताना, आणि मग खेळायला जायचा. घरचे पित्त म्हणायचे. चालताना भिंतीला हात लावत यायचा. ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. नवव्या दिवशी तो उठलाच नाही नीट, तेव्हा पुण्याला नेला. डोक्यात मागच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. तो परत आला नाही. डोक्याला मार लागून गाठ झाली, असं गावानं ठरवलं. गावाला ते पडणं माझ्यामुळं माहीत झालं होतं.

प्रियंका पोरीला बूट घालायला बाहेर गेली, तेव्हा मी डॉक्टरबाईंना सकाळची ओकारी, झोक आणि डोक्यात मागं निघालेली गाठ एवढं सांगून विचारलं, पडल्यानं अशी गाठ होते का?

“नाही आजी. तशी गाठ पडल्यानं होत नाही.”

“अन् नऊ दिस आधी नेला असता तर?”

त्यांनी कोणाला, कधी, असं काही विचारलं नाही. “ते मूल बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही,” म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, ते बरं केलं.

आरोहीला पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. पुढं डोळ्याच्या स्नायूचं ऑपरेशन झालं. आता मान सरळ असते, दमली की थोडी झुकते. प्रियंका परत शिवणकामाला जाते. हौसाबाई अजून लोकांना सांगते की आक्कानं मान काढली. मी दर वेळी सांगते की आक्कानं दोन महिने वाया घालवले. तिला तिचीच गोष्ट आवडते.

मुलं घेऊन लोक अजून येतात. मी आता मानेला तेल लावत नाही. कधीपासून, झोपेत कशी, एकेक डोळा झाकल्यावर कशी, एवढं बघते. ओकारी आणि चालणं विचारते आणि डॉक्टरकडं पाठवते. सकाळची ओकारी आणि झोक असेल किंवा मान तापात आखडली असेल, तर त्याच दिवशी जायला लावते. पडण्याचं डॉक्टरही विचारतात, विचारायलाच हवं, नुकतं पडून मान वाकडी झाली तर हलवायचीही नसते. पण मी ते आता शेवटी विचारते, आणि विचारताना आईच्या तोंडाकडं बघत नाही.

त्या दवाखान्यातून आल्यावर विमलकडं जायला मला महिना लागला. काय सांगायचं ते पाठ होतं, पाय निघत नव्हता. गेले तेव्हा ती अंगणात भुईवर बसून तांदूळ निवडत होती. मी ओट्यावर टेकले. मग लक्षात आलं, ओटा मोकळा असताना ती भुईवर बसली होती. त्या घरी मी तिला ओट्यावर बसलेली कधी पाहिली ते मला आठवेना.

“इमल, सागरची गाठ पडल्यानं नव्हती,” मी म्हटलं. “मी डॉक्टरनीला इचारलं. तशी गाठ पडल्यानं व्हत नाय.”

तिचा हात सुपात फिरत राहिला. “कवा इचारलंस?”

“गेल्या महिन्यात.”

“वीस वर्सांनी.”

“व्हय. अन् अजून एक हाय. तो सकाळी ओकत व्हता, भिंत धरून चालत व्हता, ते मला दिसत व्हतं. तरी मी नऊ दिस तेल लावत बसले. आधी नेला असता तर वाचला असता का, ते तिला सांगता आलं नाय.”

“नऊ दिसांचं नगं सांगू,” विमल म्हणाली. “नऊ दिस मी बी हितंच व्हते. मला बी दिसत व्हतं.”

दोन-तीन खडे काढून तिनं बाजूला टाकले.

“आक्का, तो ओट्यावरनं पडल्यालं माझ्या ध्यानात बी नव्हतं. रडला बी नव्हता. तू आठव म्हनलीस, म्हणून मी आठवलं. मग रोजच आठवत ऱ्हायले.”

पाठ करून आणलेलं सगळं संपलं होतं. मी थोडा वेळ बसले आणि उठायला लागले. ओट्याची पायरी उंच आहे आणि माझे गुडघे असे. विमलनं सूप खाली ठेवलं, उठून आली आणि माझ्या दंडाला धरलं.

“सावकाश,” ती म्हणाली. “पडशील.”